कपाट राहू द्या, पाटा-वरवंटा न्या

वाचकाचं पत्र

"आम्हाला कॅनडाचं पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, मिळालं. नवरा जानेवारीत पुढे टोरंटोजवळच्या मिसिसागाला जातोय, मी आणि दोन्ही मुलं परीक्षा आटोपून मे महिन्यात. कोथरूडचा फ्लॅट जूनपासून भाड्याने देणार आहोत, सासूबाई सांगलीला दिरांकडे राहतील. घरातल्या सामानावरून मात्र रोज वाजतंय. नवरा म्हणतो, बॅगा भरा आणि चला, तिथे सगळं मिळतं. सासूबाई म्हणतात, आजेसासूबाईंचं सागवानी कपाट, शिसवी देव्हारा आणि त्यातले शंभर वर्षांपूर्वीचे देव थोरल्या घरानेच न्यायचे. माझा जीव पुस्तकं, तांब्या-पितळेची भांडी, मिक्सर, पायाने चालवायचं शिलाई मशीन आणि आईने दिलेला पाटा-वरवंटा (हसू नका) यांत अडकलाय. दोन मूव्हर्सकडून दर घेतले, एकाचा दुसऱ्याच्या बरोबर निम्मा आहे. दागिन्यांचं काय करायचं तेही कळत नाही. नेमकं काय नेऊ?"

— एक वाचक, पुणे

ताई, हसत नाही. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या सामानात जहाजाने पाठवायला सगळ्यात परवडणारी वस्तू तो पाटा-वरवंटाच आहे. त्याचा हिशोब पुढे सांगते. आधी जे जानेवारीत अडणार आहे ते.

"नवरा आधी जाईल, सामानाचं मग बघू" हे कॅनडाच्या बाबतीत चालत नाही. पीआर घेऊन पहिल्यांदा उतरणाऱ्या माणसाला वापरातलं घरसामान कर न भरता नेता येतं, पण त्याची यादी पहिल्यांदा उतरतानाच विमानतळावर कॅनडा बॉर्डर सर्व्हिसेस एजन्सीच्या अधिकाऱ्याला द्यावी लागते. सामान सहा महिन्यांनी येणार असलं तरी यादी त्याच दिवशी. तिचे दोन भाग करायचे: सोबत आणलेलं आणि मागून येणारं. मागून येणाऱ्याला तिथे "गुड्स टू फॉलो" म्हणतात. अधिकारी त्यावरून बीएसएफ १८६ नावाचा फॉर्म भरून तुमच्या हातात एक प्रत देतो. मे-जूनमध्ये खोकी टोरंटोच्या गोदामात येऊन पडतील तेव्हा हाच कागद दाखवून ती सुटतील. यादीत नसलेल्या वस्तूवर मात्र ड्यूटी आणि कर लागू शकतो.

म्हणजे काय न्यायचं हे मे महिन्यात नाही, डिसेंबरातच ठरायला हवं. नवऱ्याला हे आजच वाचून दाखवा. यादी इंग्रजीत टाइप करून दोन प्रती काढा. प्रत्येक वस्तूसमोर अंदाजे किंमत कॅनेडियन डॉलरमध्ये लिहा आणि यंत्र असेल तर कंपनी, मॉडेल, क्रमांकही. "स्वयंपाकाची भांडी, एक खोकं" एवढं चालून जातं, प्रत्येक वाटी मोजत बसू नका. "किरकोळ सामान" मात्र लिहू नका. एखाद्या वस्तूबद्दल मन डळमळीत असेल तर ती यादीत टाका. लिहून न नेल्याबद्दल कोणी काही म्हणत नाही, न लिहिता नेली तर म्हणतात. मे महिन्यात तुम्ही उतराल तेव्हा तुमच्या स्वतःच्या वस्तूंची यादी तुम्हीही द्या, विशेषतः दागिन्यांची.

या सवलतीची अट अशी की वस्तू तुमच्या मालकीची, ताब्यातली आणि जाण्याआधी वापरलेली हवी. तेव्हा नव्या संसारासाठी म्हणून लक्ष्मी रोडवरून कोरं सामान घेऊन लेबलासकट पाठवायचा बेत असेल तर तो सोडा. करमाफीत आणलेली वस्तू पहिल्या वर्षात विकली किंवा कुणाला देऊन टाकली तरी कर भरावा लागतो.  

आता पाट्याचा हिशोब. तुमच्याएवढ्या सामानासाठी अख्खा कंटेनर घ्यायची गरज नाही. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते, तेवढ्यात तुमचा फ्लॅट आणि शेजारचाही बराचसा मावेल. तुम्ही घ्यायची ती दुसऱ्यांबरोबर वाटून घेतलेल्या कंटेनरमधली जागा, मूव्हरच्या भाषेत एलसीएल. तिचा दर घनमीटरवर असतो, ते 'सीबीएम' म्हणतील. वजन मोजायची वेळ फक्त एका घनमीटरला हजार किलोच्या पुढे गेलात तरच येते, आणि घरसामान तिथवर पोहोचत नाही. म्हणजे समुद्रमार्गे पैसे पडतात ते आकाराचे.

६० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरचं खोकं म्हणजे ०.१२ घनमीटर, अशी आठ खोकी झाली की जवळजवळ एक घनमीटर. आजेसासूबाईंचं कपाट सहा फूट उंच, पावणेचार फूट रुंद आणि पावणेदोन फूट खोल धरलं तर ते एकटंच एक घनमीटरच्या वर जातं, लाकडी पेटीत बंद केल्यावर आणखी. त्याच जागेत तुमची सगळी पुस्तकं, तांब्याचा हंडा, पितळी परात, खलबत्ता, शिलाई मशीनचं डोकं आणि पाटा-वरवंटा बसतो. विमानाने हेच पाठवा म्हणाल तर गणित उलटं होतं. तिथे किलोवर पैसे, शिवाय खोकं हलकं पण मोठं असेल तर लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला ६००० ने भागून जे वजन येतं ते धरतात. वरच्या खोक्यात नुसत्या उशा भरल्या तरी वीस किलोचे पैसे.

म्हणून वाटणी सरळ आहे. जड आणि लहान ते जहाजाने. उशा, रजया, गाद्या कशानेच नाही. गादीच्या मापाच्या चादरीही ठेवून द्या, तिथल्या गाद्यांची मापं वेगळी. रेशमी साड्या आणि पैठण्या मात्र जहाजाच्या खोक्यात घालू नका. कंटेनर विषुववृत्ताजवळचा दमटपणा आणि उत्तरेची थंडी दोन्ही खातो, आत पाणी सुटतं आणि जरीचे काठ काळे पडतात. साड्या मलमलच्या कापडात गुंडाळून तुमच्याबरोबरच्या बॅगेत.

पाटा जाण्याआधी ब्रशने खसखसून धुऊन, उन्हात कोरडा करून द्या. टाकी लावून पाडलेल्या खाचांत वर्षानुवर्षांचं वाटण आणि माती बसलेली असते आणि कॅनडात बाहेरची माती आणायला बंदी आहे. हाच नियम मुलांच्या सायकली, फुटबॉलचे बूट, कुंड्या आणि गच्चीवरच्या खुरप्यांना. कुंड्या तर देऊनच टाका. खोक्यांखाली किंवा भोवती कच्चं लाकूड वापरलं असेल तर त्यावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का हवा, त्या नियमाचं नाव आयएसपीएम १५. चांगल्या मूव्हरला हे सांगावं लागत नाही. ज्याला सांगावं लागतं त्याच्याबद्दल काय ते समजा.

स्वयंपाकघर. मिक्सर ठेवून द्या. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, तिथे १२० आणि ६०. ट्रान्सफॉर्मर लावून चालवणारे लोक आहेत, पण मिक्सरची मोटर ओढणारा ट्रान्सफॉर्मर मिक्सरहून जड असतो आणि ओट्यावर कायमचा ठाण मांडून बसतो. आपल्याच कंपन्यांचे ११० व्होल्टचे मिक्सर मिळतात, चटणीच्या भांड्यासकट. इस्त्री, धुलाई यंत्र, गीझर, पंखे यांना हेच उत्तर. फोन-लॅपटॉपचे चार्जर दोन्हीकडे चालतात, फक्त पिन बदला. शिलाई मशीन पायाचं आहे म्हणून छान. लोखंडी स्टँड इथेच ठेवा आणि डोकं न्या.

कुकर घेताना बुडाकडे बघा. मिसिसागात भाड्याच्या घरात बहुधा विजेची शेगडी असते, काचेच्या सपाट पृष्ठाची किंवा वेटोळ्याची. त्यावर गोल बुडाची कढई डुगडुगते आणि तळाशी रुपयाएवढाच भाग तापतो. सपाट बुडाचा कुकर, सपाट बिडाचा तवा न्या. भाकरी विस्तवावर फुगवायची सवय असेल तर वेटोळ्याच्या शेगडीवर ठेवायला तारेची जाळी न्या, काचेच्या शेगडीवर मात्र तव्यातच कापडाने दाबून फुगवावी लागेल. पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र, पोळपाट-लाटणं, किसणी, सांडशी हे डोळे मिटून घ्या. डाळ-तांदूळ, मसाले, पापड न्यायचा सोस करू नका, ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या दुकानांत कोल्हापुरी मसाल्यापर्यंत सगळं मिळतं. घरचं काही नेलंच तर उतरताना खाण्याचे पदार्थ आहेत असं सांगायचं. सांगितल्याने फार तर एक बरणी जाते, लपवलं तर दंड.

आता अवघड भाग.

कपाट नेऊ नका, आणि कारण फक्त पैशाचं नाही. तिथे सहा महिने घरं आतून तापवलेली असतात आणि हवा इतकी कोरडी होते की आपल्या दमट हवेत मुरलेलं भरीव लाकूड आक्रसतं. जुन्या सागवानाला सांध्यांत फटी पडतात, फळ्या उभ्या चिरतात. चार पिढ्या टिकलेलं कपाट पाचव्या हिवाळ्यात कण्हायला लागलं तर ते दुरुस्त करणारा सुतार मिसिसागात कुठे शोधाल? सांगलीच्या घरात ते मजेत राहील.

शिसवी देव्हाऱ्याला आणखी एक अडचण. शिसवाची सगळी जातकुळी २०१७ पासून वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. लहानसहान वस्तूंना सूट आहे, पण वजनदार देव्हारा न्यायचा तर कागद करावे लागतात. आणि ज्या बाई तो देव्हारा रोज पुसतात त्या तर सांगलीला चालल्यात! देव्हारा सासूबाईंबरोबर जाऊ द्या. मला तर वाटतं त्यांनाही मनातून तेच हवं असेल, पण "थोरल्या घरानेच न्यायचे" ही रीत त्यांच्या तोंडून सुटत नसेल. त्यांना हा प्रश्न नवऱ्याने विचारायला हवा. तुम्ही विचारलात की "सुनेला देव नकोत" असा अर्थ निघायला वेळ लागत नाही.

देवांच्या बाबतीत "शंभर वर्षांपूर्वीचे" हे शब्द घरात कौतुकाचे आहेत, कस्टममध्ये नाहीत. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, चित्र, कारागिरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखित पोथी महत्त्वाची असेल तर तिला पंच्याहत्तर वर्षांची मर्यादा. वस्तू तेवढी जुनी नसेल पण दिसायला जुनी असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घेता येतो. तेव्हा खरोखर जुने असलेले देव आणि टाक सांगलीलाच राहू देत. तुमच्या घरासाठी कुलदैवताचे नवे टाक ओळखीच्या सोनाराकडून करून घ्या, सासूबाईंच्या हातून त्यांची पूजा करवून घ्या आणि मग न्या. वेगळं बिऱ्हाड करताना नवे टाक करायची पद्धत कितीतरी घरांत आहेच, त्यात कुणाचा मान कमी होत नाही. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख-घंटा अलीकडची असतील तर खुशाल न्या. देव्हाऱ्यातलं मोरपीस तेवढं काढून ठेवा, मोराची पिसं देशाबाहेर न्यायला बंदी आहे.

निम्म्या दराचं आता. तो मूव्हर फसवतोच आहे असं नाही, बहुधा तो निम्म्या रस्त्याचा दर सांगतोय. टोरंटोला समुद्र नाही. न्हावा-शेवाहून निघालेला माल हॅलिफॅक्स, माँट्रियल किंवा व्हँकुव्हरला उतरतो, तिथून रेल्वेने टोरंटोच्या कस्टम गोदामात येतो. स्वस्त दर बऱ्याचदा इथवरचाच असतो. पुढे तिकडच्या हाताळणीचे पैसे, कागद सोडवायचे पैसे, गोदामाचं भाडं, घरापर्यंतचा ट्रक आणि जिना चढवायचे वेगळे, तेही डॉलरमध्ये आणि माल अडकलेला असताना. त्या वेळी घासाघीस करायला तुमच्या हातात काही उरत नाही. दोघांनाही एकच प्रश्न लेखी विचारा: मिसिसागातल्या माझ्या घरात खोकं उघडून ठेवेपर्यंत या रकमेत काय धरलेलं नाही? उत्तर ईमेलवर घ्या. गोदामात किती दिवस भाडं माफ असतं तेही विचारा. कस्टमने माल तपासायला काढला तर त्याचा खर्च मालकावर येतो, म्हणून थोडी रक्कम बाजूला ठेवाच.

मोजमाप घरी येऊन करणाऱ्यालाच काम द्या. फोटोवरून सांगितलेला आकडा पॅकिंगनंतर फुगतो. एफआयडीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेचं सदस्यत्व असेल तर एक खूण चांगली, पण ते त्या संघटनेच्या संकेतस्थळावर नाव शोधून बघा, बिलावरच्या बोधचिन्हावर जाऊ नका. विम्यात "ऑल रिस्क" आणि "टोटल लॉस" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात अख्खं जहाज बुडालं तर पैसे, तुमची परात चेपली तर नाही. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातली तुटफूट विमेवाले सहसा मान्य करत नाहीत, म्हणून फुटणारं सामान त्यांच्या माणसांना भरू द्या आणि पुस्तकं तुम्ही भरा. पुस्तकांचं खोकं लहान घ्या, नाहीतर उचलणाऱ्याची कंबर जाईल.

घरून निघून घरी पोचायला दोन ते तीन महिने धरा. माल पोचेल तेव्हा सोडवायला नवरा तिथे पासपोर्ट, पीआरचा कागद आणि बीएसएफ १८६ घेऊन हजर हवा. तुमचे महिने बघता मार्चअखेरीस खोकी रवाना केलीत तर बरोबर जमेल. मे महिन्यापर्यंत लागणारं सामान तेवढं मागे ठेवा.

दागिने कधीही खोक्यात नाहीत, चेक-इन बॅगेतही नाहीत. अंगावर किंवा हातातल्या पर्समध्ये. जाण्याआधी सराफाकडून प्रत्येक दागिन्याचं वजन आणि किंमत लिहिलेला मूल्यांकनाचा कागद इंग्रजीत घ्या, प्रत्येकाचा फोटो काढा आणि यादीत एकेक वेगळा लिहा. दुसरं, निघताना मुंबई विमानतळावर भारतीय कस्टमकडून त्याच दागिन्यांचं निर्यात प्रमाणपत्र घ्या. उद्या भाचीच्या लग्नाला तेच घालून परत आलात तर हे इथूनच नेलंय हे दाखवायला तो कागद लागतो. या कामासाठी विमानतळावर वेळ हाताशी ठेवा, चेक-इन करण्याआधी कस्टमचा काउंटर विचारून घ्या. आणि खरं सांगू? जो हार दोन लग्नांत मिळून एकदा घातलाय तो इथल्या लॉकरमध्येच शोभेल.

बॅगांचं तिकिटावर बघा, पण कॅनडाला बहुतेक इकॉनॉमी तिकिटांवर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा असतात, मुलांनाही तितक्याच. म्हणजे मे महिन्यात तुम्हा तिघांच्या मिळून १३८ किलो. नवऱ्याच्या ४६ किलोंत त्याचे कपडे, एक कुकर आणि एक तवा जाऊ द्या. स्वेटर भरू नका, जानेवारीतल्या टोरंटोपुढे आपले स्वेटर टिकत नाहीत. जाकीट आणि बूट तिथेच घ्यायचे.

हातातल्या बॅगेत कागद: गुणपत्रिका, लग्नाचा दाखला, औषधांच्या चिठ्ठ्या आणि मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी. ऑन्टारिओत, म्हणजे मिसिसागा ज्या प्रांतात आहे तिथे, शाळा त्या मागते, पिवळं पडलेलं मराठी कार्ड असेल तर डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या.

नवऱ्याची स्कूटर तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण असेल तर विकून टाका. कॅनडाच्या सुरक्षा मानकांप्रमाणे न बनलेलं वाहन पंधरा वर्षांहून जुनं असल्याशिवाय तिथे नेताच येत नाही. विकण्याच्या निमित्ताने आरटीओत जालच, तेव्हा दोघांच्याही परवान्याचं इंग्रजी पत्र मागून घ्या, त्यात परवाना पहिल्यांदा कधी मिळाला ती तारीख हवी. नूतनीकरणाची तारीख धरली तर वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस तिथे कालचा शिकाऊ ठरतो आणि मग हिवाळाभर दोन मुलांना घेऊन बसस्टॉपवर उभं राहायची पाळी तुमच्यावर.